कुत्र्याला सोबत न्यायचं? आधी जागा ठरवा, मग पट्टा हातात घ्या

रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायवाटेवर, शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर, गणपतीत मंडपासमोरच्या रांगेत एक दृश्य हमखास दिसतं. पट्टा ताणलेला, शेपूट खाली, जीभ हातभर बाहेर आणि मालक कौतुकानं सांगतोय, "त्याला गर्दी खूप आवडते." या लोकांचं कुत्र्यावर प्रेम नसतं असं कोण म्हणेल? चुकतो तो क्रम. आपल्याला कुठं जायचंय हे आधी ठरतं, कुत्रा मागून त्यात बसवला जातो, आणि तो तिथं नको होता हे पोहोचल्यावर कळतं.

खालचे टप्पे त्याच क्रमानं पाळा. पहिल्या तीन टप्प्यांत 'नाही' असं उत्तर आलं तर पुढचं वाचायची गरज नाही, कुत्र्याला घरी ठेवा. (अंध किंवा अपंग व्यक्तीचा प्रशिक्षित मदतनीस कुत्रा हा वेगळा विषय आहे. इथं घरच्या पाळीव कुत्र्याबद्दलच लिहिलं आहे.)

## टप्पा १: तो तिथं काय करणार?

आदल्या दिवशी हा प्रश्न स्वतःला विचारा. हुंगणार, चालणार, पाण्यात खेळणार, मोकळ्या जागी लोळणार, यातलं काही असेल तर पुढं जा. "आमच्यासोबत असेल" एवढंच उत्तर असेल तर थांबा. मॉलमध्ये, मंडईत, लग्नाच्या हॉलमध्ये तो माणसांच्या पायांच्या जंगलात उभा राहणार. कुत्र्याला फिरण्यात रस असतो तो मुख्यतः नाकासाठी. शांत गल्लीत अर्धा तास मनसोक्त हुंगू दिलं तर तो तुळशीबागेतल्या दोन तासांपेक्षा जास्त समाधानानं झोपतो.

"घरी एकटा राहील, बिचारा" ही दुसरी अडचण. सकाळी नीट फिरवलेला, सवय असलेला, निरोगी मोठा कुत्रा तीन-चार तास आरामात झोपून काढतो. पिल्लांना आणि एकटेपणाची सवय नसलेल्यांना हे जमत नाही. मग शेजारच्या काकूंना सांगा किंवा घरातला एक जण मागं राहू दे.

तपासा: तिथं बिनसलं तर पाच मिनिटांत निघता येईल का? दहा नातेवाईक एका गाडीत असतील, दर्शनाची रांग असेल किंवा जेवणाची ऑर्डर दिलेली असेल, तर नाही येणार.

## टप्पा २: जागा पारखा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा सविस्तर.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान: नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, ताडोबा, कुठंही नाही. "पट्ट्यात ठेवू" हा युक्तिवाद चालत नाही, कारण प्रश्न फक्त पाठलागाचा नाही. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा विषाणूमुळं होणारा आजार वन्य मांसाहारी प्राण्यांनाही होतो. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले तेव्हा मेलेल्या काही सिंहांमध्ये याचाच विषाणू सापडला होता. शिवाय बिबट्यासाठी कुत्रा हे नेहमीचं भक्ष्य आहे. जुन्नर भागात किंवा बोरिवलीच्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, पर्यटकांना सांगावं लागतं. आणि गेटवर अडवलं म्हणून कुत्र्याला गाडीत बंद करून आत जाणं तर त्याहून वाईट. का, ते चौथ्या टप्प्यात.

समुद्रकिनारा: कुठला आणि कधी, यावर. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर आणि गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथं ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत घरटी होतात, पिल्लं बाहेर पडणं मेपर्यंत चालतं. कुत्रा वाळू उकरतो आणि घरटं वाळूतच असतं. या महिन्यांत या किनाऱ्यांवर कुत्रा नेऊ नका, पहाटे तर अजिबात नको. इतर किनाऱ्यांवर मासे वाळत घातलेली जागा टाळा. तिथं तोंड घातलं की कोळणीचं नुकसान, आणि तुटलेला गळ घशात अडकला तर तुमचं. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल नावाचे, जेलीफिशसारखे समुद्री जीव येऊन पडतात. ते मेल्यावरही डंख करतात आणि कुत्र्याला ते खेळणं वाटतं. समुद्राचं पाणी तो पीत राहिला तर उलट्या-जुलाब ठरलेले. गोडं पाणी सोबत ठेवा आणि सारखं पाजत राहा.

गड-किल्ले: बहुतेक नाही. अरुंद वाट, वरून उतरणारी गर्दी, तापलेला कातळ, माकडं आणि गडावर राहणारी कुत्री. शेवटची गोष्ट लोक विसरतात. गडावरच्या कुत्र्यांची तिथं हद्द ठरलेली असते, तुमचा लॅब्राडोर त्यांच्यासाठी घुसखोर. हरिहरसारख्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांवर कुत्रा बिचकला तर मागचा माणूस खाली जातो. कमी गर्दीचा, रुंद वाटेचा गड, हिवाळ्यातला आठवड्याचा दिवस आणि डोंगर चढायची सवय असलेला कुत्रा, एवढं जुळलं तरच विचार करा. माथेरानला मोटारी नाहीत म्हणून लोकांना ते सोयीचं वाटतं, पण तिथं वाटेवर घोडे असतात. भुंकण्यानं घोडा बुजला की वरचं पोर पडतं.

टेकड्या: हो, पट्ट्यात. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मोर आहेत, टिटवी आणि इतर काही पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. "इथं सगळेच मोकळे सोडतात" हे कारण होत नाही.

मंडई, बाजारपेठ, खाऊगल्ली: नाही. कुत्र्याचं तोंड जिथं असतं त्या उंचीवरून बाजार पाहा. हातगाडीची चाकं, सांडलेलं तेल, कांद्याची सालं, कोंबडीची हाडं. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतात आणि शिजवलेलं हाड टोकदार फुटून आतडं फाडू शकतं. जमिनीवर भाजी मांडून बसलेल्या मावशींच्या जुडीवर त्यानं पाय वर केला तर ती जुडी कोण घेणार?

गणपती, पालखी, वरात, जत्रा: नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. ढोल-ताशा पथकाशेजारी शांत बसलेला कुत्रा बहुतेक वेळा भीतीनं गोठलेला असतो. आता यावर कोणीतरी सांगतंच की दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या सोबतही कुत्रा आहे. असतील. जेजुरीच्या पायऱ्यांवर भंडारा उधळत येणारी हजारो माणसं त्या चित्रांत नाहीत.

लहान मुलांची खेळायची वाळू, शाळेचं गेट, दवाखाना: नाही. कुत्र्याच्या विष्ठेतल्या जंतांची अंडी वाळूत टिकतात आणि मुलं हात तोंडात घालतात.

हॉटेल: फोन करून. "पेट फ्रेंडली" एवढं ऐकून जाऊ नका. बाहेर बसायची जागा आहे का, कोपऱ्यातलं टेबल मिळेल का आणि गर्दी नसलेली वेळ कोणती, हे तीन प्रश्न विचारा. वेटरच्या ये-जा करायच्या वाटेत कुत्रा बसला की ट्रे सांडणार, नाहीतर शेपूट तुडवली जाणार.

तपासा: ज्या वारी आणि ज्या वेळी न्यायचं आहे त्याच वारी, त्याच वेळी एकदा कुत्र्याशिवाय जाऊन या. सावली, पाणी, भटक्या कुत्र्यांच्या जागा, बाहेर पडायची दुसरी वाट, एवढं बघून ठेवा.

## टप्पा ३: कुत्रा तयार आहे का?

पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून लशी सुरू होतात आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत काही आठवड्यांच्या अंतरानं चालतात. त्या पूर्ण होईपर्यंत इतर कुत्री येतात अशा जमिनीवर पिल्लू ठेवू नका. पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. जग दाखवायचं असेल तर कडेवर घेऊन दाखवा. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. पावसाआधी लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लशीबद्दल जरूर विचारा. साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्या कुत्र्याला ती हवीच.

माजावर आलेली मादी साधारण तीन आठवडे घराजवळच फिरवा. टेकडीवर नेलीत तर तिच्यामागं आख्खी पलटण येईल.

मग सवयी. हाक मारल्यावर वळणं, "सोड" म्हटल्यावर तोंडातलं टाकणं, "थांब" आणि सैल पट्ट्यानं चालणं. एवढ्या चार गोष्टी आल्या पाहिजेत, आणि त्या याच क्रमानं पक्क्या करा: घरात, जिन्यात, सोसायटीच्या आवारात, शांत रस्त्यावर, मग नवीन जागी. एका पायरीवर दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची पायरी. घरात शहाण्यासारखा वागतो म्हणून थेट गजबजलेल्या एफसी रोडवर नेणाऱ्यांचा कुत्रा "ऐकत नाही" असं नसतं, मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात.

मुसकं घालायची सवय सगळ्यांनीच लावावी, फक्त चावऱ्यांनी नव्हे. जखम झाल्यावर दवाखान्यात ते लागतंच. जाळीचं घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी घट्ट मुसकं घालून उन्हात फिरवणं धोक्याचं आहे.

## टप्पा ४: वेळ ठरवा

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. त्याला घाम जवळपास येतच नाही, धाप टाकूनच तो अंग थंड करतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती नीट चालत नाही, त्यामुळं ३२ अंश सेल्सिअसलाही तिथं त्रास होतो. पग, शित्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना दुप्पट जपा. बर्फाळ मुलखातल्या हस्कीबद्दल काही बोलत नाही, तो इथं राहतो हेच पुष्कळ.

हाताचा उलटा पंजा डांबरावर सात सेकंद टेकवा. चटका बसला तर त्याच्या पायांनाही बसणार. मार्च ते जून या काळात सकाळी सातच्या आधी परत यायचं. संध्याकाळी सूर्य मावळला म्हणून लगेच निघू नका, डांबर आणि फरशी त्यानंतरही बराच वेळ गरम असतात.

इशारा: बंद गाडी. बाहेर साधं ऊन असलं तरी आतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंश सेल्सिअसनं चढतं. काच चार बोटं खाली ठेवल्यानं फरक पडत नाही. "पाच मिनिटांत आलो" म्हणून गेलेले लोक बिलाच्या रांगेत अडकतात.

## टप्पा ५: पिशवी आणि कागद

पाणी किमान एक लिटर, पसरट भांडं, शीसाठी पिशव्या, जुना टॉवेल, जादा पट्टा, मुसकं, जखमेवर ठेवायचं गॉज (जाळीदार कापड) आणि त्याचा आवडता खाऊ. गळ्यात फोन नंबर लिहिलेला बिल्ला. लांब होत जाणारा गुंडाळीचा पट्टा गर्दीत वापरू नका. त्याची दोरी पायात अडकते, हात कापते आणि कुत्रा रस्त्याच्या मध्यावर पोहोचेपर्यंत थांबत नाही. दीड मीटरचा साधा पट्टा आणि छातीवर बसणारा हार्नेस पुरे.

महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचं पत्रक यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

रेल्वेनं जायचं असेल तर एसी फर्स्टचा पूर्ण कूपे किंवा पूर्ण केबिन तुमच्या नावावर असली पाहिजे, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. स्लीपर, थ्री टियर, टू टियर आणि चेअर कारमध्ये चालत नाही. मोठ्या गाडीप्रवासाआधी पोटभर खायला घालू नका.

## टप्पा ६: पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं

थेट आत शिरू नका. गाडीजवळ कडेला थांबा, शी-शू उरकू द्या, ती उचला, पाणी द्या आणि त्याच्याकडे बघा. पिशवी बांधून झाडाला लटकवून जाणारे एक वेगळीच जमात आहेत. ती घरी न्यायची किंवा कचराकुंडीत टाकायची, गडावरून खाली आणायची.

आता खाऊचा तुकडा पुढं करा. एरवी झडप घालणारा कुत्रा तो घेत नसेल तर त्याला इथं ताण आलाय, आणि सहसा ही खूण खोटं बोलत नाही. बाकीच्या खुणा: झोप नसताना जांभया, सारखे ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कान मागं, शेपूट पोटाशी, ऊन नसताना धापा. हलणारी शेपूट म्हणजे नेहमी आनंद नसतो. ताठ, उंच धरलेली आणि भराभर हलणारी शेपूट वेगळं सांगते.

इशारा: अचानक गोठून उभं राहणं ही चावण्याआधीची शेवटची खूण असू शकते. आणि गुरगुरला म्हणून ओरडू नका. गुरगुरणं दाबलेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. त्याला तिथून दूर न्या.

लोकांशी वागताना एक वाक्य डोक्यातून काढून टाका: "काही करत नाही हो तो." समोरच्याला कुत्र्याची भीती वाटते, किंवा अंगाला लाळ लागलेली चालत नाही, किंवा नुसतं नको असतं. कारण विचारायचा आपल्याला अधिकार नाही. पट्टा आखूड करा, कुत्रा त्यांच्या विरुद्ध बाजूला घ्या आणि पुढं जा. लिफ्टमध्ये आधी विचारा, नको म्हटलं तर पुढच्या लिफ्टनं जा. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही हे खरं, पण त्या हक्काच्या जोरावर शेजारच्या आजींना जिन्यात अडकवून ठेवता येत नाही. लहान मुलांना कुत्र्याला हात लावायचा असेल तर एका वेळी एकच मूल, छातीच्या बाजूनं, डोक्यावरून नाही. कुत्र्यानं तोंड फिरवलं तर "आज नको" एवढं सांगा.

भटकी कुत्री दिसली तर पळू नका, ओरडू नका, आपल्या कुत्र्याला त्यांच्या तोंडासमोर ताणून धरू नका. वळा आणि रस्ता बदला. त्यांना जिथं खायला घालतात ती जागा जेवणाच्या वेळी टाळाच.

## टप्पा ७: निघायचं कधी

वरच्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की निघा. "एवढ्या लांब आलोय तर" हे वाक्य मनात आलं की जास्तच लवकर निघा.

धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक किंवा फिक्या, जाड लाळ, झोकांड्या, उलटी: हा उष्माघात. सावलीत घ्या, साधं गार पाणी अंगावर, पोटावर, पायांवर ओतत राहा, वारा घाला, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. बरा दिसायला लागला तरी दवाखान्यात न्या. आतल्या अवयवांना झालेली इजा नंतर कळते.

## टप्पा ८: कोणाला चावलं किंवा नख लागलं तर

पळून जाऊ नका. हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं.

१. आधी कुत्र्याला बांधा किंवा गाडीत एखाद्याजवळ द्या.

२. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका.

३. त्याच दिवशी त्या व्यक्तीला दवाखान्यात न्या. कुत्र्याला लस दिलेली असली तरी माणसाच्या उपचाराचा निर्णय माणसांचे डॉक्टर घेतात. कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. ०, ३, ७ आणि पुढं डॉक्टर सांगतील त्या दिवसांचे रेबीजच्या लशीचे डोस चुकवायचे नाहीत. रेबीज एकदा झाला की वाचवता येत नाही.

४. लशीचं पत्रक आणि तुमचा फोन नंबर त्यांना द्या. कुत्रा दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवा आणि तो ठीक आहे हे त्यांना कळवत राहा.

पाळीव प्राण्याबाबत हलगर्जी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. उपचाराचा खर्च मात्र कोणी मागायच्या आत आपणच पुढं करावा.

## टप्पा ९: घरी आल्यावर

दारातच तपासा, गादीवर चढण्याआधी. गोचीड लपते ती बोटांच्या बेचक्यांत, कानांत, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीखाली. चिमट्यानं कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. रॉकेल, काडी, अगरबत्ती काही नको, त्यानं ती जास्त लाळ सोडते. पावसाळा संपल्यावर टेकडीवर कुसळं माजतात. ती पंजात आणि कानात शिरतात आणि पुढंच सरकतात, मागं येत नाहीत. कुत्रा डोकं एका बाजूला झटकत असेल तर कानात काडी घालू नका, दवाखान्यात न्या.

पाय धुवा आणि बोटांमध्ये कोरडे करा. पावसाळ्यात ओल राहिली की बुरशी येते.

पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. खाणं कमी झालं, ताप आला, हिरड्या फिक्या दिसल्या, लघवी गडद झाली तर गोचिडीचा ताप असू शकतो. डॉक्टरांना तारीख आणि जागा दोन्ही सांगा, रक्ततपासणी कुठली करायची हे त्यावरून लवकर ठरतं.